पहिल्या वर्षाचा विश्वास

नवी वस्तू घरात आली की तिच्या खोक्यातून तीन कागद निघतात. वापराची पुस्तिका, बिल आणि हमीपत्र. पुस्तिका बहुधा कोणी वाचत नाही. बिल पाकिटात किंवा पर्समध्ये राहते आणि काही महिन्यांनी त्यावरची अक्षरे पुसट होतात. हमीपत्र मात्र कपाटाच्या खणात जपून ठेवले जाते, आणि वस्तू बिघडेपर्यंत त्यावर काय लिहिले आहे हे कोणालाही ठाऊक नसते. गिऱ्हाईक विचारते, ‘गॅरंटी आहे ना?’ दुकानदार सांगतो, ‘एक वर्षाची वॉरंटी आहे.’ गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार, एवढा अर्थ बाजाराने आपसात ठरवून टाकला आहे. कागदावरच्या बारीक अक्षरांकडे दोघेही पाहत नाहीत.

गावात राहणाऱ्याला ते पाहण्याची फारशी गरजही पडत नाही, कारण तेथे कागदापेक्षा ओळख चालते. पेठेतला दुकानदार वडिलांच्या काळापासूनचा असतो. मिक्सर दुरुस्त करणारा मिस्त्री शेजारच्या गल्लीत राहतो. दुपारी निरोप धाडला तर संध्याकाळी तो पिशवीत स्क्रूड्रायव्हर घालून दारात उभा असतो, आणि ‘असू द्या, पुढच्या वेळी बघू,’ म्हणून पैसेही घेत नाही. परदेशी गेलेल्या माणसाजवळ ही ओळख नसते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेली तरुण मंडळी पहिल्या वर्षात भाषा शिकतात, थंडी सोसायला शिकतात, स्वयंपाक शिकतात. आणि घरातले एखादे यंत्र बंद पडले की खणातला तो कागद पहिल्यांदा वाचायलाही शिकतात.

सांगलीतील एका कुटुंबावर हा प्रसंग काही वर्षांपूर्वी आला. वडिलांना घरात आणि पेठेत सारेच अण्णा म्हणतात. त्यांचे घरगुती विद्युत उपकरणांचे दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, गिझर आणि अलीकडे कपडे धुण्याची यंत्रे. तीस वर्षे त्यांनी तो गल्ला सांभाळला आणि उधारी बुडाली तरी कोणाच्या दारात जाऊन तमाशा केला नाही, असा त्यांचा लौकिक. मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकून मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि तेथून पत्नीसह जर्मनीत स्टुटगार्टला गेला. मोटारींचा धंदा हाच त्या शहराचा मुख्य आधार असल्याने मराठी बोलणारी पुष्कळ घरे तेथे सापडतात.

२०२२ च्या मार्चमध्ये या दांपत्याने पुढून दार उघडणारे कपडे धुण्याचे यंत्र विकत घेतले. जर्मनीत भाडेकरू अशी यंत्रे बहुधा स्वतःचीच घेतात आणि घर बदलताना बरोबर नेतात. ऑगस्टमध्ये त्यांनीही घर बदलले. यंत्र हलवताना आतील पिंपाला धक्का बसू नये म्हणून मागच्या बाजूने चार लांब बोल्ट बसवावे लागतात. यंत्र चालवण्यापूर्वी ते काढून ठेवायचे आणि हलवताना पुन्हा बसवायचे, असा नियम असतो. मुलगा अभियंता. त्याने बोल्ट जपून ठेवले होते, ते नीट बसवले आणि नव्या घरी काढले. डिसेंबरात त्यांना मुलगी झाली. बाळंतपणासाठी आई सांगलीहून आली. भारतीय पाहुण्याला अल्पमुदतीच्या व्हिसावर तेथे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते; त्या नव्वद दिवसांचा हिशेब करूनच तिने तिकीट काढले होते.

जानेवारीत यंत्रातून दगड दळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि एका सकाळी ते थांबले ते थांबलेच. यंत्राला तेव्हा दहा महिने झाले होते.

घरात महिन्याचे बाळ आणि बाहेर गोठवणारी थंडी. नातीला सुती लंगोटच वापरायचे असा आईचा आग्रह होता आणि सांगलीहून येताना तिने जुन्या मऊ धोतरांचे गठ्ठे आणले होते. यंत्र बंद पडल्यावर ती न्हाणीघरातल्या टबापाशी ओणवी होऊन हाताने लंगोट धुऊ लागली आणि खिडकीखालच्या गरम नळ्यांवर ते वाळत घालू लागली. आठवड्याभरात तिच्या बोटांना भेगा पडल्या. ‘त्यात काय एवढं? तुझ्या वेळी विहिरीवर जात होते मी,’ असे ती म्हणे; परंतु रात्री बोटांना खोबरेल तेल चोळताना मुलाने तिला पाहिले होते. नव्वद दिवसांसाठी आलेल्या आईचे दिवस धुण्यात जात होते, आणि हे तिच्या मुलाला यंत्राच्या किमतीपेक्षाही अधिक लागत होते.

मुलगा दुकानात गेला. काउंटरवरील तरुणाने सौजन्याने सांगितले की यंत्र कंपनीचे आहे, तेव्हा कंपनीच्या दूरध्वनीवर तक्रार नोंदवावी. कंपनीने आठ दिवसांनंतरची वेळ दिली. तंत्रज्ञ आला, त्याने मागचे झाकण काढले, पिंपाचे बेअरिंग गेल्याचे सांगितले आणि एका छापील कागदावर खूण केली. कारण : वाहतुकीच्या वेळी बोल्ट न बसवणे. अर्थात चूक ग्राहकाची, म्हणून दुरुस्ती हमीत बसत नाही. दुरुस्तीचा अंदाज यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता, आणि शिवाय घरी येऊन तपासल्याचे वेगळे बिल. मुलाने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितले की बोल्ट बसवले होते. तंत्रज्ञाने खांदे उडवले. त्याच्यापाशी कागद होता आणि मुलापाशी केवळ त्याचा शब्द.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर सांगलीला सारी हकिकत सांगितली गेली. अण्णांनी ती शांतपणे ऐकली आणि दुकानदाराच्या न्यायाने निकाल दिला : ‘अरे, तो दुकानवाला बरोबर बोलतोय. माल कंपनीचा, हमी कंपनीची. आपण मधले. आपण काय यंत्र घरी बनवतो का?’

मुलाकडे यावर उत्तर नव्हते. उत्तर त्याच्या कचेरीतील एका वयस्कर जर्मन सहकाऱ्याने दिले. त्याने पहिल्यांदा विचारले ते असे, ‘तू हक्क कोणता मागतो आहेस? गारंटी की गेव्हेरलाइस्टुंग?’

या दोन शब्दांतला फरक प्रत्येक परदेशस्थाने समजून घेण्याजोगा आहे. गारंटी म्हणजे उत्पादकाने आपल्या खुशीने दिलेले वचन. ते किती काळाचे, कोणत्या अटींवर, हे तोच ठरवतो. गेव्हेरलाइस्टुंग ही कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी आहे. ज्याने पैसे घेतले त्याने निर्दोष वस्तू दिली पाहिजे, आणि वस्तू हाती आल्यापासून दोन वर्षे तो या जबाबदारीतून सुटू शकत नाही. हमीपत्रात काहीही लिहिलेले असो, ते या हक्काला कमी करू शकत नाही. दोष निघाला तर तो दुरुस्त करून हवा की वस्तू बदलून हवी, हे प्रथम ग्राहकाने सांगायचे. एका पर्यायाचा खर्च अवाच्या सवा असेल तरच विक्रेता तो नाकारू शकतो. ने-आण, मजुरी, सुटे भाग हा सर्व खर्च विक्रेत्याचा. दोनदा दुरुस्ती करूनही दोष राहिला तर सर्वसाधारणपणे दुरुस्ती फसली असे मानले जाते आणि ग्राहक पैसे परत मागू शकतो. केवळ जर्मनीतच नव्हे, तर युरोपीय संघाच्या सर्व देशांत किमान दोन वर्षांची ही जबाबदारी १९९९ च्या एका निर्देशाने आली आणि २०१९ च्या नव्या निर्देशाने अधिक पक्की झाली.

परंतु खरा प्रश्न पुराव्याचा होता. दोष मुळातला की वापरणाऱ्याने केलेला, हे सिद्ध कोणी करायचे? नव्या निर्देशानुसार १ जानेवारी २०२२ नंतरच्या खरेदीसाठी नियम असा आहे की पहिल्या एका वर्षात दोष दिसला तर तो मुळातलाच होता असे गृहीत धरायचे. ग्राहकाची चूक असल्याचे म्हणणे असेल तर ते विक्रेत्याने सिद्ध करायचे. त्यापूर्वी ही मुदत सहा महिन्यांचीच होती. यंत्र चार महिने आधी घेतले असते तर ओझे मुलाच्या खांद्यावर पडले असते.

स्टुटगार्टमध्ये ग्राहक सल्ला केंद्राचे कार्यालय आहे. जर्मनीच्या सोळाही राज्यांत अशी केंद्रे आहेत. तेथील सल्लागार बाईंनी अल्प शुल्क घेऊन त्याचे म्हणणे ऐकले आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, फोन करू नका, पत्र लिहा. दुसरी, पत्र कंपनीला नको, दुकानाला लिहा. तिसरी, पत्रात एक तारीख द्या. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना कायद्यात वजन नाही, ‘अमुक तारखेपर्यंत’ या शब्दांना आहे. साधारण दोन आठवडे ही वाजवी मुदत समजली जाते.

सूनबाईंचे जर्मन पतीपेक्षा बरे होते. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी एका पानाचे पत्र लिहिले. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. खरेदीची तारीख, दोषाची तारीख, यंत्राचा क्रमांक, कायद्याच्या कलमाचा उल्लेख आणि चौदा दिवसांची मुदत. एक वाक्य त्यांनी स्वतःच्या मनाने घातले : बोल्ट बसवले होते; ते बसवले नव्हते असे आपले म्हणणे असेल तर कृपया तसे सिद्ध करावे. पत्र रजिस्टर टपालाने गेले आणि पोचपावती हमीपत्राशेजारी ठेवली गेली.

अकराव्या दिवशी उत्तर आले. दुकानाने दुरुस्ती आपल्या खर्चाने करून देण्याचे मान्य केले आणि तपासणीचे बिल रद्द झाले. दिलगिरीचा शब्द पत्रात नव्हता, वादही नव्हता. माणसे येऊन यंत्र घेऊन गेली आणि तीन आठवड्यांनी नवे बेअरिंग घालून परत आणून बसवून गेली. तोवर मुलगा दर शनिवारी दोन मोठ्या पिशव्या घेऊन नाणी टाकून धुण्याच्या दुकानात जात असे, कारण आईच्या हातांना आता पाणी लावू द्यायचे नाही असे त्याने ठरवले होते.

ही बातमी सांगण्यासाठी पुन्हा कॉल झाला. अण्णांना आनंद झाला. पण त्यांचे कुतूहल व्यापाऱ्याचे होते. ‘मग त्या दुकानदाराचं काय? त्यानं का सोसायचं?’ मुलाने हेही विचारून ठेवले होते. दोष मुळातला असेल तर दुकानदाराला आपला खर्च पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क तोच कायदा देतो, आणि पुरवठादार तो त्याच्यामागच्याकडून घेतो. शेवटी खर्च ज्याने सदोष वस्तू बनवली त्याच्यापर्यंत पोहोचतो. ‘पण सुरुवात दुकानापासून होते, अण्णा,’ मुलगा म्हणाला. ‘गिऱ्हाइकानं कंपनीच्या मागे धावायचं नाही. कंपनीशी दुकानानं भांडायचं. आणि पहिलं वर्षभर गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं धरून चालायचं नाही.’

फोनवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आई बोलली. दर गुरुवारी अण्णा मालाच्या खरेदीला जात तेव्हा गल्ल्यावर तीच बसत असे. त्यामुळे दुकानात येणारी माणसे तिच्या ध्यानात होती. ती म्हणाली, ‘अहो, त्या मिरजेच्या शाळेतल्या बाई आठवतात का? दिवाळीच्या आधी मिक्सर घेऊन तीनदा आल्या होत्या. तुम्ही म्हणालात, डाळ जास्त भरली असेल, मोटर जळली. त्या म्हणाल्या, नाही. आपण पुन्हा विचारलं नाही. कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता लिहून दिला आणि पाठवून दिलं.’

अण्णा म्हणाले, ‘आठवतात.’

हमीच्या व्यवहारात खरी अडचण बहुतेक वेळा येथेच असते. दुकानदार लबाड असतो म्हणून गिऱ्हाइकाला नकार मिळतो, असे क्वचितच घडते. अण्णांसारख्या सचोटीच्या व्यापाऱ्याचाही हात आखडतो, त्याला कारणे आहेत. छोट्या उपकरणावर सुटणारा नफा थोडा असतो. वस्तू बदलून दिली तर तिचे पैसे वितरकाकडून यायला काही वेळा महिने लागतात. अशा स्थितीत ‘तुमच्याच हातून काही झालं असेल’ हे वाक्य सर्वांत स्वस्त पडते. ते बोलणाऱ्याला खोटे वाटत नाही, कारण कधी कधी ते खरेही असते. पण ऐकणाऱ्याला त्यात आपल्या शब्दाचा अव्हेर ऐकू येतो. स्टुटगार्टमध्ये तंत्रज्ञाने खांदे उडवले आणि सांगलीत पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली गेली. दोन्ही ठिकाणी घडले ते एकच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बिलबुक काढले. बाईंचा मिक्सर सात महिन्यांचा होता. त्यांनी निरोप पाठवून तो मागवून घेतला आणि आपल्या मिस्त्रीकडून उघडवला. मोटर जळालेली नव्हतीच. कार्बन ब्रशचा स्प्रिंग तिरका बसला होता आणि ब्रश एका बाजूने झिजून संपर्क सुटला होता. कारखान्यातली जोडणी सदोष होती. अर्ध्या तासाचे काम. मधल्या तीन महिन्यांत बाई पाट्यावर वाटण करत होत्या. मिक्सर न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पैसे विचारले. अण्णा म्हणाले, ‘पैसे कसले? तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’ त्या महिन्यापासून दुकानात एक वही आहे. हमीच्या काळातली प्रत्येक तक्रार तारीख घालून तीत लिहिली जाते, गिऱ्हाइकाला नोंदीचा क्रमांक दिला जातो आणि कंपनीला कळवण्याचे काम दुकान करते. या वहीने कामाचा बोजा वाढला आहे हे अण्णा मान्य करतात. पण दुकान आधी कधी बोलत नव्हते अशा भाषेत आता कंपन्यांशी बोलू लागले आहे, कारण नोंदींवरून कोणत्या वस्तूत कोणता दोष वारंवार येतो हे दिसते.

ही गोष्ट एका घराची असली तरी तिचे धागे अनेक घरांत सापडतील, कारण आज क्वचितच असे कुटुंब असेल ज्याचे कोणी ना कोणी परदेशी नाही. देश बदलला की हमीचा अर्थ बदलतो, हे त्यांनी लक्षात ठेवले पाहिजे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातला मानला जातो. ऑस्ट्रेलियात २०११ पासूनच्या ग्राहक कायद्याने दिलेले हक्क कोणत्याही छापील अटीने काढून घेता येत नाहीत. त्यामुळे तेथे वाढीव वॉरंटी पैसे देऊन घेण्यापूर्वी, त्यात कायद्यापेक्षा अधिक काय मिळते, हे विचारणे शहाणपणाचे.

अमेरिकेत लेखी हमीसंबंधीचा प्रमुख केंद्रीय कायदा १९७५ चा आहे. हमी दिलीच पाहिजे असे तो म्हणत नाही. पण लेखी दिली तर ती ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहावे लागते. आमच्याच कंपनीचे सुटे भाग वापराल तरच हमी टिकेल, अशी अट घालण्यास तो सर्वसाधारणपणे मनाई करतो. ‘हे लेबल फाडल्यास हमी रद्द’ अशा चिकटपट्ट्या अनेक उपकरणांवर असतात. तेथील व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली होती. चिकटपट्टीला भिऊन हक्क सोडण्याचे कारण नाही.

भारतातून नेलेल्या वस्तूंची कथा वेगळी. याच कुटुंबातील मुलगी न्यू जर्सीत असते. लग्नात आहेर म्हणून मिळालेला मिक्सर तिने सामानात घालून नेला. भारतात वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची. मिक्सर कुरकुरत फिरू लागला, तेव्हा व्होल्टेज वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. पुढे भांड्याखालचा कपलर तुटला. हमीपत्रावर ‘फक्त भारतात लागू’ असे छापलेले होते, आणि तेथे दुरुस्तीला नवीन मिक्सरइतके पैसे पडले असते. शेवटी अण्णांनी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर दोन कपलर पाठवले आणि ते तिच्या पतीने स्वतः बसवले. ब्रिटन आणि जर्मनीत व्होल्टेज भारतासारखेच असल्याने मिक्सर चालतो, तरी भारतातली हमी तेथे चालत नाही. परदेशी जाणाऱ्या मुलीला यंत्र आहेर देण्यापूर्वी तिच्या देशातली वीज आणि तेथील दुरुस्तीची सोय विचारावी; प्रेमाची वस्तू अडगळ होऊ नये.

दुरुस्तीपेक्षा नवीन घेणे स्वस्त, ही स्थिती जगभर अनेकांना खुपते आहे. नेदरलँड्समधील पत्रकार मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. जाणकार स्वयंसेवक एका सभागृहात बसतात, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि दोघे मिळून दुरुस्त करतात. हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक सुटे भाग शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे मिळत राहिले पाहिजेत असा नियम केला. २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र निर्देशही संमत झाला. तो सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा असून, हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर विक्रेत्याची जबाबदारी आणखी एक वर्ष वाढते.

तिकडे कायदे आहेत आणि इकडे काही नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर, १९८६ साली. २४ डिसेंबर हा त्याचा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. बिल देण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरली आहे. सदोष वस्तू परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे देण्यास नकार देणे हीदेखील. उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता या तिघांच्या जबाबदारीची स्वतंत्र कलमे त्यात आहेत. ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे.

तेव्हा सांगली आणि स्टुटगार्ट यांतील अंतर कायद्याचे तितके नाही, जितके सवयीचे आहे. तिकडचा माणूस एका पानाचे पत्र लिहितो, तारीख घालतो आणि थांबतो. आपल्याकडे दुकानात तीनदा चकरा मारल्या जातात, आवाज चढतो, ओळखीच्या माणसाकडून शब्द टाकला जातो, आणि शेवटी ‘जाऊ दे’ म्हणून वस्तू माळ्यावर जाते. कागद पाहून कोणी घाबरू नये आणि कागद मागितला म्हणून कोणी रागावू नये, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. यासाठी मोठा खटाटोप नको. खरेदीच्या दिवशीच बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण गुळगुळीत कागदावरची छपाई उडून जाते. यंत्राचा क्रमांक लिहून ठेवावा. घर हलवताना यंत्र कसे बांधले याचेही एक छायाचित्र असावे. तक्रार लेखी करावी, ज्याला पैसे दिले त्याच्याकडे करावी आणि तीत मुदत घालावी. भाषा येत नसेल तर शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, तिथल्या सल्ला केंद्राला विचारावे. परक्या देशात विचारण्याची लाज बाळगणारा आपला हक्क मुकाट्याने सोडून देतो.

आणि काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यांसाठी या हकिकतीत वेगळा धडा आहे. आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल पिढ्यानपिढ्या दुकानाच्या गल्ल्यावर पेटली आहे. माप, भाव आणि हिशेब चोख ठेवणे म्हणजे सचोटी, असे तेथे लहानपणापासून शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु विक्रीनंतर परत आलेल्या गिऱ्हाइकाचा शब्द हेही एक माप आहे. पैसे घेताना दुकानदार म्हणतो, ‘विश्वासानं न्या.’ वस्तू परत येते तेव्हा विश्वास ठेवण्याची पाळी त्याची असते. जर्मनीला ही गोष्ट कायद्यात लिहावी लागली आणि तिची मुदत एक वर्ष ठरवावी लागली. सांगलीच्या पेठेत ती एका वहीत लिहिली गेली, आणि तिला मुदत घातलेली नाही.